पुलावरची बाई

हरिहर घैसासांना माणूस काढता येत नव्हता. बाकी काय हवं ते सांगा. गिअरचा दात सांगा, पंपाचं पोट सांगा, बोल्टाचा आटा सांगा, असा काढून देतील की कागदावर बोट फिरवलं तर टोचावा. चिंचवडच्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांचं उभं आयुष्य गेलं, आधी बोर्डावर पेन्सिलीनं आणि मग कॉम्प्युटरवर. पण यंत्राच्या ड्रॉइंगमध्ये माणसाला जागा नसते, मापांना असते. त्यामुळे माणूस काढायची वेळच त्यांच्यावर आली नाही, आणि खरं सांगायचं तर माणूस बघायचीही आली नाही.

माणसं बघायचं खातं त्यांच्या बायकोकडे, सुखदाकाकूंकडे होतं. पिंपळे गुरवच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर दोघांचं घर, आणि काकू होत्या तोवर त्या घराचं दार दिवसा कधी लागलं नाही. कुणी विरजण मागायला यायचं, कुणी सुनेचं गाऱ्हाणं घेऊन, कुणी नुसतंच. हरिहरराव आतल्या खोलीत पेपर घेऊन बसलेले. बाहेर आवाज वाढला की उठून खोलीचं दार लोटून घ्यायचे. अहो, वैर नव्हतं त्यांचं कुणाशी! ही माणसं हिची आहेत, मधे आपलं काय काम, इतका साधा हिशोब होता त्यांचा.

मग गेल्या दिवाळीनंतर काकू गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता खेळ संपला. सुरुवातीला माणसं आली, डबे आले, काही लागलं तर हाक मारा म्हणून झालं. हरिहररावांनी काही हाक मारली नाही. कुणाला आणि काय म्हणून मारायची? कोण कुठल्या मजल्यावर राहतं हेसुद्धा त्यांना धड ठाऊक नव्हतं. हळूहळू दार लागलं ते लागलंच. मुलगी नीलिमा मेलबर्नला, ती रविवारी फोन करून जेवलात का विचारायची, हे हो म्हणायचे. बाकीचे दिवस तोंड उघडायचं कारणच पडत नसे. एकदा कुकरच्या शिट्ट्या थांबेनात तेव्हा ते कुकरला म्हणाले, "बास की आता," आणि स्वतःचा आवाज ऐकून दचकले. इतकं एकटं पडलं होतं ते माणूस.

अशात एके दिवशी सोसायटीचे चेअरमन बबनराव दारात उभे. बबनराव मूळ गावचेच, सोसायटी उभी आहे ती त्यांच्या घरच्या शेतात. लिफ्टपाशी उभे राहिले की इथं आमची विहीर होती, हे सांगितल्याशिवाय वर जात नाहीत.

"घैसाससाहेब, तुमी ड्रॉइंगवाले ना? खालच्या लॉबीची भिंत आत्ताच रंगवून घेतलीय. पोरं लगीच खडूनं गिरगटायला लागली. त्यापरीस तुमीच काढा कायतरी. मोठं, डोळे भरून बघावं असं. बसून तरी काय करताय घरात?"

शेवटचं वाक्य तसं लागणारं होतं. पण खोटं नव्हतं, म्हणून हरिहरराव हो म्हणाले.

काय काढायचं हे त्यांच्या मनात लगेच ठरलं. कंपनीत इटलीहून मशिनं यायची, मशिनांमागोमाग तिथला एक इंजिनिअर यायचा, आणि दर नव्या वर्षाला तिथून एक कॅलेंडर. त्यात तिथी नाही, चतुर्थी नाही, आपली एक सुट्टी नाही, म्हणून ऑफिसात ते कुणालाच नको असे. हरिहरराव घरी आणत. दर महिन्याला एक जुनं इटालियन चित्र. प्रचंड कमानी, मोडके खांब, निम्मं कोसळलेलं देऊळ, त्याच्या पायाशी पाणी, पलीकडे डोंगर, आणि या सगळ्यात अंगठ्याएवढी माणसं. हे गाव कुठंय, असं त्यांनी एकदा त्या इंजिनिअरला विचारलं. तो हसला. म्हणाला, कुठंच नाही. चित्रकारानं मनानं बांधलंय. एक कमान रोमची उचलली, एक पदरची घातली, मधे समुद्र आणून ठेवला. आणि माणसं पुष्कळदा दुसऱ्याच चित्रकारानं काढलेली असतात. इमारतीवाला इमारती काढून देतो, माणसांवाला येऊन माणसं टाकतो. हरिहररावांना ही वाटणी भलतीच आवडली होती. आमच्या घरासारखंच की, असं तेव्हा त्यांच्या मनात येऊन गेलं होतं.

झालं, काम सुरू झालं. शिडी आली, सुतळी आली, गवंड्याचा ओळंबा आला. भिंतीवर चित्र काढताना ओळंबा लावणारा हा पहिलाच माणूस असेल! कमानी उभ्या राहिल्या, खांब उभे राहिले, पाणी आलं, पाण्यावर लांब कुठंतरी एक दगडी पूल आला. येता-जाता लोक थांबून बघायचे आणि काही न बोलता लिफ्टमध्ये शिरायचे. बोलले ते एकटे बबनराव. हात मागे बांधून त्यांनी बराच वेळ पाहणी केली.

"साहेब, ब्येस हाय. पण ही कमान पडलीय वो."

"ती तशीच आहे. जुनी आहे, असं दाखवायचंय."

"न्हाई, पन आपली बिल्डिंग नवीन. दारातनं शिरल्या शिरल्या माणसाला पडझड दिसाय नको. लोक वास्तूबिस्तू काढत बसत्यात. तेवढी भेग लिंपून घ्या, म्हंजे झालं."

हरिहररावांनी भेग लिंपून घेतली. दोनशे वर्षांपूर्वीचा तो चित्रकार हे बघायला नव्हता, हे त्याचं नशीब. एक खांब मात्र त्यांनी मोडकाच ठेवला आणि त्याच्यावर वेल सोडून दिली, म्हणजे बबनरावांना कळू नये.

इमारती पूर्ण झाल्या त्या दिवशी सरूबाई काठी टेकत लॉबीत आल्या. तळमजल्यावर राहणाऱ्या या म्हातारीचं सगळं आयुष्य पिंपरीला कामगारांच्या चाळीत गेलं होतं. यजमान कंपनीतून रिटायर होऊन वारले, आता त्या इथं मुलगा आणि सून आम्रपालीजवळ. दिवसभर फाटकापाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायच्या. त्यांनी डोळ्यांवर आडवा हात धरून चित्र पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, ह्ये देऊळ हाय का देव्हारा?"

"देऊळ आहे."

"मंग केवढं म्हनायचं? मला तर घरातल्या देव्हाऱ्यावानी दिसतंय."

आणि म्हातारी बरोबर बोलत होती हो! माणूसच नव्हता त्यात. शेजारी माणूस उभा नसला तर खांब गगनाला भिडलाय की उदबत्तीएवढा आहे, सांगायचं कसं? हरिहररावांना माणसांवाला हवा होता. तो काही कुठून येणार नव्हता. तेव्हा ते काम त्यांच्याच गळ्यात पडलं.

मग हे गृहस्थ गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागले. मांडीवर वही, हातात पेन्सिल, आणि खाली जाणारं-येणारं माणूस. इतकी वर्षं ज्या माणसांकडे त्यांनी मान वर करून पाहिलं नव्हतं, ती आता ते यंत्रासारखी उघडून बघायला लागले. चौथ्या मजल्यावरचा क्षितिज, आयटीवाला, कानाशी फोन खांद्यानं दाबून चालतो, त्यामुळे फोन नसला तरी त्याचा एक खांदा वरच असतो. बबनरावांचं आधी पोट येतं, मग ते येतात. आम्रपाली पिंपरीच्या हॉस्पिटलात नर्स आहे, ड्यूटीवरून आली की फाटकाशी थांबून एक पाय चपलेतून काढते, घोटा फिरवते, मग पुढे होते. सरूबाई बसल्या जागेवरून सगळ्यांवर नजर ठेवतात. हरिहररावांना मजा वाटायला लागली. संध्याकाळ झाली आणि खालची वर्दळ आटली की मात्र घरात जाणं त्यांच्या जिवावर यायचं.

एकेक माणूस चित्रात उतरला. इटलीतले कपडे कसे असतात ते ठाऊक नाही, म्हणून ज्याचे त्याचेच घातले. मोठ्या कमानीखाली पांढऱ्या टोपीतले बबनराव, पायऱ्यांवर घोटा चोळणारी आम्रपाली, खांबाच्या सावलीत सरूबाई, मागे काठाकाठानं एक खांदा वर करून निघालेला क्षितिज. आणि काय सांगू, देऊळ देऊळ दिसायला लागलं!

राहिला पूल. पूल पहिल्यापासून राखून ठेवला होता, सुखदाकाकूंसाठी.

काकूंना काढायला बसले आणि त्यांचा हात थांबला. ती उभी कशी राहायची? आठवेना. चालायची कशी? आठवेना! कपाटातले फोटो काढून पाहिले. फोटोत सगळीकडे ती सरळ उभी, कॅमेऱ्याकडे बघत, फोटोत सगळेच उभे असतात तशी. त्यांना आठवत होता तो तिचा आवाज, दाराच्या पलीकडून येणारा. शेजाऱ्यांचा घोटा न् खांदा पाठ झाला आणि जिच्याबरोबर संसार केला ती डोळ्यापुढे उभी राहीना, याची त्यांना इतकी शरम वाटली की दोन दिवस ते खाली उतरले नाहीत.

शेवटी त्यांनी आपल्या परीनं काढली. आमसुली साडीतली एक बाई, पुलाच्या मधोमध, एकटी, कठड्यावर हात ठेवून पाण्याकडे बघणारी. कॅलेंडरातल्या चित्रांत अशी एक बाई हमखास असायची. लांबवर असल्यामुळे ती नखाएवढी झाली, चेहरा काही दिसत नव्हता, पण हरिहररावांना ती शोभून दिसली. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. त्यांना एवढंच हवं होतं की कुणीतरी चित्रापुढे थांबावं आणि न सांगता, आपणहून म्हणावं, अगबाई, या तर सुखदाकाकू! तेवढं एक वाक्य ऐकलं असतं तर त्यांना वाटलं असतं, ती अजून इथं आहे. त्यापलीकडे त्यांचं काही मागणं नव्हतं.

चित्र झालं आणि लॉबीत जत्रा लोटली. हा मी! अगं ही तू! काका, माझी पर्सपण काढलीत? लोक फोटो काढायला लागले, पाहुण्यांना आणून दाखवायला लागले. जिन्यात भेटणारी माणसं हरिहररावांना नावानं हाक मारू लागली. हे कोरडा ब्रश हातात धरून, उगाच कुठंतरी टेकवत, तासन्‌तास लॉबीत उभे. प्रत्येकाची नजर भिंतीवर फिरायची तसे यांचे डोळे त्या नजरेमागे फिरायचे. कमान, पायऱ्या, खांब, आता पूल. पण पुलापर्यंत कुणी पोचायचंच नाही. ज्याला त्याला आपण सापडलो की शोध संपला. असे बरेच दिवस गेले, ते वाक्य काही आलं नाही, आणि वर घरात गेल्यावर त्यांना पूर्वीपेक्षाही एकटं वाटायला लागलं.

तेवढ्यात भांडण पेटलं. पेटवलं क्षितिजनं. त्याच्या लक्षात आलं की चित्रात आपण करंगळीएवढे आणि बबनराव चांगले वीतभर. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग होती, तिथं तो उभाच राहिला.

"मला पर्सनली काही प्रॉब्लेम नाही. पण चेअरमन एवढे मोठे आणि आम्ही एवढेसे? आमचा थ्री बीएचके आहे!"

"आरं, मी फुडं हुबा हाय म्हनून मोठा दिसतोय," बबनराव म्हणाले.

"पण तुम्हीच का पुढे?"

हरिहररावांनी समजावून सांगितलं. लांबचं लहान दिसतं, जवळचं मोठं, त्यात कुणाचा मान-अपमान नसतो, डोळ्याचा नियमच आहे. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि क्षितिज म्हणाला, "बरोबर आहे काका. पण मग आम्हालाच का लांब ठेवलं?" मीटिंगमधल्या अर्ध्या लोकांनी माना डोलावल्या. ड्रॉइंगच्या टी-स्क्वेअर पट्टीनं मोजून सुटेल असा हा प्रश्न नव्हता.

बबनरावांनी तोडगा काढला. सगळ्यांनी भिंतीपाशी चलायचं, कोणतं माणूस कोणाच्या घरचं ते ठरवायचं, आणि ज्याला लांब वाटतंय त्याला जरा अलीकडं घ्यायचं. वरात निघाल्यासारखे सगळे लॉबीत गेले. सरूबाईंची खुर्चीही आत आली. बबनराव एकेका माणसावर बोट ठेवत चालले. हा कुणाचा? ही कुणाची? ज्याची त्यानं हात वर करून सांगितली. असं करत करत बोट पुलावर आलं.

"आन् ही बाई?"

कुणी हात वर केला नाही. बायकांनी पुढे होऊन, डोळे बारीक करून पाहिलं. आमच्याकडची नाही. आमच्याकडं असली साडीच नाही. हरिहरराव ब्रश घट्ट धरून उभे होते आणि एकेक चेहरा बघत होते. आता म्हणेल कुणीतरी, आता म्हणेल.

"कुणाचीच न्हाई, बरं का," बबनराव म्हणाले. "मंग सोप्पं झालं. ही पुसून टाका साहेब, आन् त्या जाग्यावर क्षितिजला मोठा करून बसवा."

"नको," हरिहरराव म्हणाले.

"का वो? नुसती जागा अडवलीय तिनं."

"ती सुखदा आहे."

बबनरावांचं बोट पुलावरून मागे आलं. मग सगळे एकदम बोलायला लागले, तेही नको तितक्या मोठ्यानं. हो की! आता दिसतंय ना. क्षितिज म्हणाला, "अगदी काकूच. बघता क्षणी ओळखू येतात." आत्ता पुसायला निघालेले बबनरावही म्हणाले, "व्हय व्हय, त्येच मी म्हनतोय, वळखीचं कोन म्हनून." हरिहररावांना कळत होतं सगळं. माणूस म्हातारा झाला तरी मन राखायला बोललेलं त्याला कळतंच. त्यांनी मान खाली घातली.

"न्हाई," सरूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "ही सुकदाबाई न्हाई."

"आई, गप्प बसा ना," आम्रपाली हळूच म्हणाली.

"का गप बसू? न्हाई ती न्हाई. सुकदाबाई अशी यकटी कदी हुबी ऱ्हायली का? पान्याकडं बगत? तिला कुठला येळ! भाऊ, राग नगा मानू, पन तुमी कुनाला काढलंय कुनास ठावं. ती हितं माझ्याजवळ बसायची. पायरीवर. इस्त्रीची साडी आसंल तरी खाली टेकायची. मी म्हनायची, खुर्ची आनते बाई, तर म्हनायची, नगं, खालून तुमचं तोंड चांगलं दिसतंय."

हरिहरराव वर बघायला लागले.

"मान अशी वाकडी करायच्या," कुणीतरी म्हणालं. "ऐकताना. अशी नाही गं, डावीकडे." "आणि भाजीची पिशवी आधी खाली ठेवायच्या. पिशवी खाली ठेवली की समजायचं, आता अर्धा तास." बबनरावांनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा काकू रोज जाऊन तिची वेणी घालून यायच्या, हे त्यांनी सांगितलं. हरिहररावांना हे ठाऊक नव्हतं. मीटिंग कशासाठी होती हे आता कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. एक सांगायचा, दुसरा दुरुस्त करायचा, तिसरा त्यात आणखी काही घालायचा, आणि मधे उभा असलेला नवरा नवखा पाहुणा असावा तसा ऐकत होता. लॉबीतल्या प्रत्येकाला ती पाठ होती. फक्त यांना विचारून घ्यावं लागत होतं.

"आणि हात धरायच्या त्या बोलताना," आम्रपाली म्हणाली. "समोरच्याचा, इथं, कोपरापाशी. सोडायच्याच नाहीत."

"माझापण धरायच्या," क्षितिज म्हणाला. "मी म्हणायचो, काकू, कॅब आलीय, तरी नाही सोडायच्या."

तिनं आपला कोपर कधी धरला होता का? हरिहररावांनी आठवून पाहिलं. लग्नातलं आठवून पाहिलं, नीलिमाच्या जन्माच्या वेळचं आठवून पाहिलं, शेवटच्या तापातलं आठवून पाहिलं. धरलाही असेल. दार लोटून आत जाणाऱ्या माणसाचा कोपर तरी किती वेळा हाताला लागणार? सगळ्यांदेखत रडू फुटू नये म्हणून त्यांनी त्यांना येत होतं तेच केलं. खिशातून पेन्सिल काढली आणि माप विचारलं.

"कोणत्या हातानं धरायची?"

आम्रपालीला सांगता येईना. डाव्या, नाही, उजव्या. मग तीच पुढे झाली. "असं करायच्या, काका," म्हणत तिनं त्यांचा कोपर धरला, सुखदाकाकू धरायच्या तसा, अंगठा आत घेऊन, घट्ट. "अशा धरायच्या. कळलं?"

एवढं दाखवून ती हात काढून घ्यायला लागली.

"थांब," हरिहरराव म्हणाले. "एवढ्यात सोडू नकोस. मला नीट बघून घेऊ दे."

आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.